डीपीवरची पाळी

"ताई, तुन्हा डबा काढी लई जाय!" शिंदखेड्याजवळच्या गावातून नाना फोनवर ओरडत होते. "लाइट उनी, मोटर चालू व्हयनी नही!"

मी जळगावच्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. नानांचा डबा म्हणजे आमचा मोबाइल स्टार्टर. आत सिमकार्ड. शेतकऱ्याने घरून 'चालू' दाबलं की मेसेज आमच्या सर्व्हरवर येतो आणि तिथून विहिरीवरच्या डब्यात जातो. त्यासाठी डब्याची लाइन सर्व्हरशी जोडलेली हवी. नानांच्या डब्याची लाइन सकाळी आठला वीज आल्यावर तासभर जुळतच नव्हती.

नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, शेत तीन किलोमीटरवर. पायपीट टळावी म्हणूनच त्यांनी डबा घेतला. आणि परवा मोटर चालू करायला जाताना बांधावरून घसरले. ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कंपनीतले आमचे सर म्हणाले, "हार्टबीट वाढव." हार्टबीट म्हणजे लाइन तुटू नये म्हणून डब्याने सर्व्हरला अधूनमधून दिलेली हाक.

"सर, लाइन जुळतच नाही. हाक मारणार कुणाला?"

"मग मोठा सर्व्हर घेऊ."

"थांबा. आधी बघून येते."

ऑफिसच्या टेबलावर आमचा एकच डबा होता, आणि तो कधीच अडला नव्हता. म्हणून मी नानांच्या विहिरीवर जाऊन बसले. नानांना पुतण्याने मोटरसायकलवर आणलं. आठला वीज आली. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत राहिला, हिरवा काही होईना. शेजारच्या शेतात गोकुळभाऊ हाताने चालवायच्या स्टार्टरजवळ नुसते उभे.

"ते बटण का दाबत नाहीत?" मी विचारलं.

"त्यानी पाळी नही आजून," नाना म्हणाले. "एकदमच बठ्ठास्नी मोटरी चालू कऱ्यात तर डीपी उडी जाई."

डीपी म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर, बठ्ठा म्हणजे सगळे. मी कपाळावर हात मारला आणि लॅपटॉप उघडला. सर्व्हरवर तेच चाललं होतं. त्या फीडरवरचे, म्हणजे एकाच वेळी वीज येणाऱ्या तारेवरचे, सगळे डबे आठच्या ठोक्याला जागे होऊन एकदमच दार ठोठावत होते. सर्व्हर थोड्यांना आत घेई, बाकीच्यांना परत पाठवी. ते बरोबर पाच सेकंदांनी पुन्हा एकदम हजर! 'पाच सेकंदांनी प्रयत्न कर' ही ओळ माझीच. दोष कुणाला देणार?

जळगावला येऊन ती ओळ बदलली. आता प्रत्येक डबा आधी थोडा थांबतो, कोण किती थांबणार ते चिठ्ठी टाकून ठरवल्यासारखं. परत पाठवलं तर पुढच्या वेळी दुप्पट थांबतो. हार्टबीट उलट कमी केला, लाइन तुटणार नाही इतपतच ठेवला.

"मुद्दाम उशीर?" सर म्हणाले. "लोक शिव्या देतील."

"आत्ता काय ओव्या गातायत?"

सर हसले. दुपारी नेटवर्क मोकळं असताना नवं सॉफ्टवेअर सगळ्या डब्यांवर पाठवलं. सर्व्हर जुनाच ठेवला.

आठ दिवस नानांचा फोन नाही. मला धाकधूक. न राहवून एका सकाळी सव्वाआठला मीच लावला.

"नाना, मोटर?"

"चालू शे."

"तुम्ही शेतात गेलात?"

"घर चहा पी ऱ्हायनू. तुले काही काम नही का?"

फोन कट. आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी मिळत नाही.