व्यापाऱ्याला न सांगितलेली गार

मी आयुष्यात एकदाच सोंग घेतलं, तेही सरकारी कामासाठी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात हवामानाच्या कचेरीत मी रडारवर होतो. हिवाळा सरताना वादळं उठली की पडद्यावर उजळ ठिपका दिसे. पण त्या ढगात नुसता पाऊस आहे की गारा, हे आमचं रडार सांगू शकत नसे. साहेबांनी एका परदेशी मासिकात वाचलं होतं की तिकडे हिवाळी वादळांवर दोन लहरी सोडतात, एक आडवी, एक उभी. पावसाचा मोठा थेंब पडताना वड्यासारखा चपटा होतो, म्हणून आडवी लहर जास्त जोरानं परतते. गार गरगरत येते, तिला आडवं-उभं सारखंच. हिमाची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्याकडे एकच लहर. म्हणून साहेबांनी गावोगावी छापील कार्डं वाटली: गार हरभऱ्याएवढी, बोराएवढी की लिंबाएवढी ते कळवा, आणि जमलं तर थोड्या गारा कुटारात, म्हणजे भुशात, झाकून ठेवा.

पारशिवनीजवळच्या एका बाईंच्या प्रत्येक कार्डावर गार लिंबाएवढीच. साहेबांना संशय आला. मला तर तो कधीचाच होता, आणि संशय घ्यायला मला फार आवडे.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ठिपका नेमका तिच्या गावावर पेटला. साहेब म्हणाले, तिचं कार्ड यायच्या आत सकाळी जा, कचेरीचं नाव न काढता विचार. खोटं निघालं तर तिचं नाव यादीतून कापू आणि चार हिवाळ्यांची तिची सगळी कार्डं रद्दीत.

मी प्रतापनगरातल्या शेजाऱ्याची बंडी मागितली, टोपी चढवली, गालात पान कोंबलं आणि संत्र्याचा व्यापारी होऊन पहिल्या एस.टी.त बसलो.

बाई पन्नाशीच्या, पदर खोचून बागेत संत्री निवडत होत्या. त्यांनी आधी माझ्या पायांतले पॉलिश केलेले बूट पाहिले, मग मला. मी बहाराची चौकशी केली, एक फळ हुंगलं, आणि सहज विचारल्यासारखं कालच्या वादळाचं काढलं.

"पानी आला थोडासा."

"गार?"

"गार कुठली बाप्पा इकडे."

सापडली! मी पान थुंकलं, टोपी काढली आणि नाटकात राजा वेष उतरवतो तशा थाटात सांगितलं की मी हवामान कचेरीचा माणूस आहे. आज गार नाही म्हणता, मग चार वर्षं कार्डावर काय लिहिता?

बाईंनी हातातलं संत्रं खाली ठेवलं.

"काहून गा, व्यापाऱ्याले कोन सांगते गार पडली म्हून? भाव पाडाले? हापिसाले खोटं लिहून मले काय भेटते, हापिस का माह्या संत्रा घेते?"

मग त्या बाजूला सरल्या. इतका वेळ ज्या ढिगापुढे उभ्या होत्या, तो कुटाराचा होता. खाली टोपलंभर गारा, रात्रभर एकमेकींना चिकटून राहिलेल्या. एक सोडवून विळ्यानं फोडली. आत कांद्यासारखे पापुद्रे, एक पांढरा, एक काचेसारखा. वितळूनही लिंबाएवढीच. मी शेवटचा संशय बाहेर काढला: दर वेळी लिंबाएवढीच कशी?

"बोराएवढी त पडतच राह्यते. तिच्यासाठी कोन कार्ड खराब करते गा?"

वर त्यांनी गारांनी खड्डे पाडलेली अर्धा डझन संत्री माझ्या थैलीत घातली. व्यापारी म्हून आले न, म्हणाल्या, आता न्या.

जेवणाच्या डब्यात कुटार भरून मी गारा आणल्या. नागपूर येईतो डब्यात गार पाणी आणि त्यावर तरंगणारं कुटार उरलं. साहेबांनी डबा हुंगला, माझी बंडी निरखली आणि विचारलं, हे कुठल्या नळाचं. मी घडलं ते सगळं सांगितलं, फक्त टोपी काढल्याचा थाट वगळून.

त्यांनी थैलीतलं एक संत्रं उचललं, खड्ड्यात अंगठा बसवून पाहिला. मग दुसरं. सगळे खड्डे एकाच बाजूला. यादी समोर होती, पेन उघडं होतं.

"व्यापाऱ्याला ती गार नाही म्हणाली?"

"हो साहेब. दोनदा विचारलं असतं तर दोनदा नाही म्हणाली असती."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग नक्की पडली."