कुंदाताईंचा पिवळा रंग

कुंदाताई दुसऱ्याच्या खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. मागे उभ्या राहायच्या, पेनाचं टोपण पडद्यावर टेकवायच्या आणि तिथूनच रोग सांगायच्या. रायपूरच्या आमच्या सरकारी कार्यालयात एक्सेलमधली तारीख बिघडली की सगळे त्यांनाच हाक मारत. तारखेच्या जागी नुसत्या ##### अशा जाळ्या दिसल्या की नवे लोक घाबरायचे. ताई रकाना रुंद करायच्या. "तारीख कुठी नाई गेली. तिले बसाले जागा नव्हती."

आमची दोघींची नोकरी एकाच जूनमधली. मी सात तारखेची, त्या वीसच्या. नवरा गेल्यावर उशिरा नोकरीला लागल्या, म्हणून वयाने मात्र माझ्याहून दहा वर्षं मोठ्या. गुढियारीतल्या माझ्या घरून मला स्कूटीवर घ्यायच्या. दुपारी आमचा डबा एकच, आणि पोळ्याच्या सणाला माझ्यासाठी मूठभर बेसनाची ठेठरी वेगळी काढलेली असायची.

यंत्र महिना आधी वाचतं, हे त्यांनीच मला शिकवलं. ७/६ टाकलं की सात जूनचं ते सहा जुलै करतं आणि चूक दिसतही नाही; २०/६ मात्र त्याला वाचताच येत नाही, म्हणून ती तारीख घरात डावीकडे चिकटून राहते. "डावीकडं चिकटली ते तारीख बरी, बोंबलून सांगते. उजवीकडं गुमान बसली, तिच्यावर नजर ठेव." तपासलेल्या तारखेच्या घराला त्या पिवळा रंग द्यायच्या. पिवळं म्हणजे ताईंनी मूळ कागदाशी ताडून पाहिलेलं.

अधीक्षकाची एक जागा निघाली आणि ज्येष्ठता यादीचं काम ताईंकडे आलं. यादी सह्यांसाठी फिरली तेव्हा मी चष्मा शोधत होते. "मी पाह्यलं ना पोरी, कर सही." मी केली. हरकतींची मुदत सरली आणि बढतीचा आदेश ताईंच्या नावाने निघाला. मी विचारायला गेले तेव्हा साहेबांनी यादी पुढे ठेवली. माझी रुजू तारीख सहा जुलै, म्हणजे ताईंच्या नंतरची, आणि खाली माझीच सही.

मूर्खासारखी मी आधी त्यांचीच बाजू घेतली. एवढी नावं, होते नजरचूक. मग संगणकावरची मूळ फाइल उघडली. उलटलेली प्रत्येक तारीख सुधारलेली होती. माझी तेवढी तशीच, आणि तिलाही पिवळा रंग होता.

"ताई, हे तुम्ही पाह्यलं होतं?"

"हव." त्यांनी मान वर केली नाही. "माही नोकरीची दोन वर्सं राह्यली. तुही बारा आहेत."

"मंग मले काहून नाई सांगितलं? मी सोता लिहून दिलं असतं. थांबली असती मी."

"म्हणूनच नाई सांगितलं," त्या म्हणाल्या. "जनमभर तुहे उपकार राह्यले असते."

दोन वर्षांनी त्यांच्या निरोपसमारंभात सगळ्यांनी मला बोलायला उभं केलं. मी हार घातला आणि खाली बसले. पद गेलं ते मी विसरलेही असते. पण माझ्याकडे शब्द टाकण्यापेक्षा मला फसवणं त्यांना सोपं वाटलं.