खंडेनवमीचे ओले कुंकू

खंडेनवमीला घरातील उपकरणे पुजावीत आणि दशमीपर्यंत त्यांना विसावा द्यावा, ही आमची रीत. माझी लेखणी, हिचे शिवणयंत्र निमूट विसावतात. सुनेचा लॅपटॉप मात्र विसावणारा नव्हे. चेरीतालच्या आमच्या घरी बसून ती काही रुग्णालयांच्या नोंदी सांभाळणाऱ्या तीन सर्व्हरची प्रकृती पाहत असते. पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येकाचा एक ठिपका: ठीक असेल तर हिरवा, बंद पडला तर लाल. यंदाच्या नवमीला देखरेखीची पाळी तिची एकटीची होती. काही बिघडले तर दिवसभर जागचे उठता येणार नव्हते. आणि या घरातली पहिली आरती तिला स्वतः करायची होती.

"चालू यंत्राचीच पूजा करू," मी म्हणालो. ती पुरण वाटायला आत गेली. माझा चष्मा लावायचा राहिला होता. मी अनामिकेने पडद्याच्या कोपऱ्यात ओले कुंकू लावले.

ती परतली आणि किंचाळलीच. "बाबा, तिसरा लाल! तिसरा सर्व्हर बंद पडला!" तिने वरिष्ठांना फोन लावायला घेतला.

"अगं, तो मी लाल केला," मी ओशाळून म्हणालो.

"अच्छा! आता तुम्ही सर्व्हरही पाडून राहिले?" ही आतून म्हणाली.

हसत हसत सुनेने पदराने कुंकू पुसले. कुंकवाखालचा ठिपका हिरवा हवा होता. तो पिवळा निघाला. हसू थांबले.

तिने मला समजावले: पहिला सर्व्हर नोंद लिहितो, उरलेले दोघे ती जशीच्या तशी उतरवून घेतात. तिसरा चाळीस सेकंद मागे पडला होता. मला पाठशाळेतील संथा आठवली. गुरुजी एकदा म्हणत, आम्ही दोनदा. घोष कितीही गोड लागो, त्यांची नजर मागे राहणाऱ्याच्या ओठांवर असे.

"ते रागावत नसत," मी सांगितले. "आधी विचारत, घरी काही काम पडलं होतं का रे?"

"थांबा, मीही विचारते." तिने पाहिले, तर त्याच सर्व्हरवर कुणीतरी मोठा अहवाल काढायला लावला होता. एक फोन करून तिने तो थांबवला. आकडा उतरू लागला. तीस. बारा. चार. ही निरांजन घेऊन दारात उभीच होती. शून्य झाले, ठिपका हिरवा झाला, आणि सून घंटा उचलून उठली.

तिचा आवाज इतका मोकळा आहे, हे मला त्या आरतीत कळले.

नंतर तिने माझ्या हातातील करंडा हळूच काढून घेतला. "बाबा, पडद्यावर लाल नको. हळदही नको, पिवळ्यालाही अर्थ आहे."

"मग काय वाहू?"

"दूर्वा वाहा नं."

मी एकवीस दूर्वांची जुडी लॅपटॉपच्या कडेला ठेवली.