भिंतीपलीकडचा कळप

धुळाजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते जालन्याच्या मस्तगडात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. बारीक पाऊस होता. लोक दुकानांच्या पत्र्याखाली सरकले होते आणि हे घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन रस्त्यातच उभे, वाऱ्याकडे तोंड करून. किराणावाल्या कल्याणने विचारलं, "बाबा, मेंढरं कुठं सोडली?" त्यांनी मान न वळवता सांगितलं, "तुझ्याच दुकानात शिरलीत. गुळाकडं बघ जरा."

हे आमच्या भिंतीपलीकडेच राहायला आले होते. हसनाबादला उभा जन्म मेंढरांमागे गेलेला. बायको वारली, गुडघे धरले, तेव्हा कळप विकून मुलाकडे आले. मुलगा अंगद ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर. सून अंजू नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीत बी निवडायला जाते. दिवसभर घरात धुळाजी आणि त्यांची चार वर्षांची नात प्रांजली.

घरात बसायची सवय दोघांनाही नव्हती. आषाढात एका दुपारी आजोबांचा डोळा लागला आणि पोरगी पावसात निसटून थेट नाल्यापाशी गेली. भाजीवाली दैवशाला तिला कडेवर घेऊन आली. अंजू सासऱ्यांना काही बोलली नाही. मला म्हणाली, पुन्हा असं झालं तर लेकराला माहेरी आईकडे ठेवीन. धुळाजी दारातच होते, त्यांनी ऐकलं. नात गेली तर या घरात आपण कशासाठी, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

श्रावणात झड लागली. प्रांजली सकाळी जायची त्या अंगणवाडीच्या खोलीत पाणी आलं, ती बंद झाली. कोंडलेलं मूल दुपार कलली की रडतं, हे मी शाळेत जन्मभर पाहिलेलं. मी वाट पाहत राहिले. रडणं आलं नाही. भिंतीतून यायचं ते जिभेचं टक्‌टक्, मग लांबलचक "हिर्रर्र", आणि पाठोपाठ तोच आवाज बारीक गळ्यातून. मध्येच सगळं सामसूम, आणि मग प्रांजली हजेरी घ्यावी तशी कुणाकुणाची नावं घ्यायची. एवढ्याशा खोलीत हा माणूस काय चारतो आहे? मला राहवेना. धपाट्यांची ताटली घेऊन मी गेले.

"कडंनं या, बाई," धुळाजी म्हणाले. "कळप बसलाय."

फरशीवर कांदे, बटाटे आणि लसणाचे गड्डे पसरले होते. खाटेवरून घोंगडी सोडून मेंढरांचा वाडा केला होता. प्रांजलीच्या हातात लाटणं, ती कळप हाकत होती. प्रत्येकाला नाव होतं. डागाचा बटाटा बांडी, साल सुटलेला कांदा कातरलेली, लसणाचे गड्डे म्हणजे कोकरं. एकूण किती, असं मी विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मोजायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. मग धुळाजींनी तिला डोळे मिटायला लावून एक बटाटा मांडीखाली घातला. तिने डोळे उघडले, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "लंगडी न्हाई." मी ताटली हातात धरून उभीच.

झड चालूच राहिली. एका दुपारी कंपनीतली वीज गेली म्हणून अंजू लवकर घरी आली. पाहते तर सासरे उंबऱ्यात आडवे होऊन झोपलेले आणि खोलीत पोरगी नाही. ती तशीच ओल्या पायांनी माझ्याकडे धावली. आम्ही दोघी आत शिरलो. खाटेखाली घोंगडीआड कोणी नव्हतं. कोपऱ्यात एक मोठं डालगं पालथं होतं, कोंबड्या झाकतात तसलं. अंजूने ते उचललं. खाली गोधडीवर प्रांजली, लसणाचा गड्डा छातीशी धरून. "गप," ती म्हणाली, "कोकरू झोपलंय."

अंजू खाली बसली. मग तिचा आवाज चढला. "मामा, लेकराला डालून ठेवलं तुम्ही? कोंबडी हाय का ती?" आजच आईला फोन करते, असंही म्हणाली.

धुळाजी उठून बसले. आपलं काही चुकलं असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटतच नव्हतं. "कळप रानात गेला की कोकरं डालग्याखालीच ठेवतेत," ते म्हणाले. "वारं लागत न्हाई. कोल्ह्याचं भ्या न्हाई." मग हळू आवाजात, "तिथं वर धोंडा ठेवावा लागतो. इथं ठेवला न्हाई."

अंजूने हातातल्या डालग्याकडे पाहिलं. ते हलकं होतं, एका हाताने उचललं गेलं होतं. प्रांजलीने तिच्या हातून ते ओढून घेतलं, स्वतःच अंगावर पालथं घातलं आणि आतून म्हणाली, "आई, दारातून जायचं न्हाई. तिथं आबा निजतेत."

अंजू मागे वळून उंबऱ्याकडे बघत राहिली. फोन पिशवीतच राहिला. थोड्या वेळाने तिने विळ्याने डालग्याच्या दोन कामट्या कापल्या, तोंड दिसेल एवढी खिडकी केली आणि सासऱ्यांना म्हणाली, "आता ठेवा. पर मला आत दिसली पाहिजे." एवढं बोलून ती कळपातले दोन कांदे भाजीला घेऊन गेली. त्यावर मात्र प्रांजली खूप रडली.

आता प्रांजली पहिलीत आहे. धुळाजी मस्तगडातच राहतात. शाळा सुटेपर्यंत दारात बसतात, आणि ती जेवून घरात खेळायला लागली की उंबऱ्यात आडवे होऊन झोपतात.