मामांचा पत्रा

माझ्या बायकोचे मामा नसते, तर खोपोलीचा वारा जन्मभर बिनकामाचा हिंडला असता. कारखान्यात फिटर असलेल्या या माणसाने परदेशी मासिकात शर्यतीच्या मोटारीचं चित्र काय पाहिलं, आपल्या जुन्या फियाटच्या डिकीवर भला रुंद पत्राच ठोकला. आधी तो उलटा बसला. वाऱ्याने मागची चाकं हलकी केली आणि पहिल्याच वळणावर फियाट खाचरात उतरली. मग मामांनी पत्र्याची मागची कड उंच केली. गल्लीतल्या बायका त्यावर पोह्याचे पापड वाळत घालू लागल्या. एकदा मामा पापडांसकट खालापूरला जाऊन आले, तर चार पापड अजून पत्र्यावरच. "बगा जावईबापू, वारा कसा दाबून धरतोय!" मी म्हटलं, ते ओले होते. आठवडाभर माझ्याशी अबोला.

मागची चाकं दाबायला पोती भरली तर वजनाने गाडी वळणावर बाहेर ओढते, वारा मात्र नुसता खाली दाबतो. पत्रा काढला तर सरळ रस्त्यावर गाडी सुटते, पण वळणाला मागचं बूड सरकतं, हे त्यांनी माझ्या लग्नात सप्तपदी थांबवून भटजींना समजावलं होतं.

पुढे मुंबईच्या बाजूला विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यत ठरली. आयुष्यभर मामांनी याचीच वाट पाहिली होती. पट्टी सरळसोट, म्हणून निघायच्या सकाळी त्यांनी दारातच पत्रा उतरवला, कपाळाला गंध लावलं आणि गाडी सुरू केली, तोच मी धावत गेलो. बायको बाळंतपणात अडली होती, डॉक्टरांनी ताबडतोब पुण्याला हलवायला सांगितलं होतं. मामांनी तिला मागे निजवलं आणि गाडी घाटाकडे वळवली.

बोरघाटात कुणाला पुढे जाऊ न देणारा हा माणूस त्या दिवशी प्रत्येक वळणावर रांगत होता. ट्रकवाले हॉर्न मारत पुढे जात होते. ती कण्हत होती. जरा जोरात घ्या, म्हणून मी ओरडलो.

"पत्रा नाय, जावईबापू. वळणावर पोरीला सांभाळू द्या. लोनावला जाऊ दे, मग बगा."

लोणावळा मागे पडलं आणि फियाट अशी सुटली की मी डोळेच मिटले. बायको वाचली, मुलगीही वाचली.

तशी शर्यत पुन्हा झाली नाही. मी हळहळलो, तेव्हा मामा म्हणाले, "जिंदगीत पयल्यांदा गाडीत भ्यालो व्हतो. बरं झालं, पोचलो."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे लिहितो आहे आणि बायको आतून ओरडते आहे, ताट वाढलंय, निवतंय, ऐकू येत नाही का म्हणून. हे ओरडणं मला मामांनी एकेक वळण जपत आणून दिलंय. जातो जेवायला.