बसायची नोकरी

तिनं माझ्या हातातला ग्लास काढून घेतला आणि पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. तिच्या नवऱ्याला गोळी द्यायला मी ते आणलं होतं. गोळी ट्रेमध्येच राहिली.

गुडगावचं बडं हॉस्पिटल, सोफा-फ्रिजवाली खोली. म्हातारा पानिपतचा, चादरींच्या कारखान्याचा मालक. जरा आधीच त्यानं मला गाव विचारलं होतं. मी म्हणाले, महाराष्ट्र, लातूर. स्वारी खूश! "मराठा! अरे, आप लोग तो हमारे पानीपत में लड़े थे!" काला अंबचं युद्धस्मारक बघायला येणाऱ्या मराठी माणसांना हा म्हणे चहा पाजतो. बायकोला मात्र तेवढ्यावर चैन पडेना.

"मराठों में कौन?"

मी लपवत नाही. कशाला लपवू? "बौद्ध. पहले महार कहते थे."

बस्. ग्लास गेला. मग पर्समधून गंगाजलाची बाटली निघाली. नवऱ्याच्या हातावर तिनं ते शिंपडलं. त्याच हाताला सकाळी मी सलाइनची सुई लावली होती. वरची पट्टी भिजली. ओली पट्टी बदलावीच लागते, नाहीतर जंतू आत शिरतात. मी पुढे झाले.

"हाथ मत लगाना!"

आणि लढाईच्या नावानं खूश झालेला तो म्हातारा? डोळे मिटून पडला. जागा होता लेकाचा, पापण्या हलत होत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आदल्या दिवशी त्याची उलटी मी याच हातांनी पुसली होती. तेव्हा नाही झाला विटाळ?

मेट्रन मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गोड बोलल्या.

"क्या ज़रूरत थी सच बोलने की? छोड़ो. नीचे इन्शुरन्स डेस्क पे जगह है. बैठने का काम. आज ही चली जाओ."

आता ऐका. ही खुर्ची मी कधीपासून मागत होते. पेशंट उचलून उचलून कंबर गेली माझी. खाटेजवळच्या कामाला मी विटले होते, हे मी उघड सांगते. क्लेमच्या फाइली तपासायला नर्सच लागते, मला ते काम जमलं असतं. दर वेळी उत्तर एकच, वॉर्डात स्टाफ कमी आहे. आणि आज जागा झाली! कशी झाली? बाईसाहेबांच्या डोळ्यांसमोर मी नको होते, म्हणून.

तरी क्षणभर वाटलं, घ्यावी. कंबर म्हणत होती, घे बाई. मी फक्त विचारलं, "उनको क्या बताएँगे?"

"यही, कि सिस्टर को हटा दिया."

डोकंच सणकलं. "मैं नहीं जाऊँगी," मी म्हणाले. "और शिकायत लिखकर दूँगी."

दिल्लीत, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये नवरा कपाळाला हात लावून बसला. तो केंद्र सरकारच्या ऑफिसात आहे. "अगं, मिळत होतं ना यार! खुर्चीवर बसून पण करता आली असती कंप्लेंट."

"तुला असं हटवलं असतं, तर गेला असतास?"

त्यानं कपाळावरचा हात काढला. म्हणाला, "नसतो गेलो."

तेव्हापासून पाय एका जागी ठरत नाही. मेट्रोत जागा मिळाली तरी मी उभीच राहते. तक्रार दिली आहे, नाव-आडनावासकट, मेट्रन मॅडमचं वाक्य जसंच्या तसं घालून. मैत्रिणी म्हणतात, आता तुला काढतील. काढू देत. पण लेखी कारण द्यावं लागेल, आणि ते कारण घेऊन मी कोर्टात जाईन.

खाटेजवळचं काम मी सोडणारच आहे. नर्सिंग कॉलेजात शिकवायला अर्ज केलाय. तिथल्या पोरींना मी सुई टोचायला शिकवीन, आणि कुणी जात विचारली तर मान वर ठेवून उत्तर द्यायलाही शिकवीन. पण जाईन ती माझ्या पायांनी, मी ठरवीन त्या दिवशी. तोवर त्या खोलीची बेल वाजली, की मीच जाणार.