चुडामणचा डावा पाय

शहादा ते धडगाव मोटर हाकणारा चुडामण मोठा हट्टी. जोडे घालून मोटर चालवणं म्हणजे कानात बोळे घालून भजन ऐकणं, असं तो म्हणे. आपल्या अनवाणी पायाला मोटरचं सगळं कळतं, ही त्याची ऐट.

त्या उन्हाळ्यात मात्र गिअर बदलला की खालून दात खाल्ल्यासारखी खरखर येऊ लागली. मालकानं बाजाराच्या दिवसापर्यंतची मुदत दिली. म्हणाला, "गाडी म्हतारी व्हयनी, का तू? बाजारपावत आवाज गया नही, तर धुळेथीन दुसरा ड्रायव्हर आणसू."

चुडामणनं तेल बदललं, गिअरची पेटी उघडून दाते चाचपले. सगळे शाबूत. जेवायला बसला तरी त्याचा डावा पाय हलत राही. बायको दगूबाई वैतागली.

"कधयपाईन शे हाऊ आवाज?"

"आखाजीपाईन," अक्षय्य तृतीयेचा सण आठवून तो म्हणाला.

"आखाजीलेच मोटरमा पेडलखाल ते गोणपाट टाकं मी. तापेल पत्रावर तुम्हना पायले फोड उनात म्हनीसन."

तो हात न धुताच मोटरीकडे गेला. क्लचचं पेडल हातानं दाबलं, तर ते गोणपाटाच्या घडीवर अडलं, तळाला टेकेचना. क्लच पुरता सुटत नव्हता, म्हणून दाते घासत होते. गोणपाट फेकताच गिअर बिनबोभाट पडला.

बाजाराच्या दिवशी, तापलेला पत्रा पायाला भाजू नये म्हणून, त्यानं लग्नातले जोडे चढवले. खरखर नाही, मालक खूश. पण घाट लागला आणि चुडामणचा जीव थाऱ्यावर राहीना. पायाला काहीच ऐकू येत नव्हतं. पहिल्याच वळणाआधी मोटर थांबवून त्यानं डावा जोडा तेवढा काढला.